बाप-लेकाची पृथ्वीप्रदक्षिणा आणि ‘नको’ म्हणण्याचा अधिकार

मेघवाट (धागाकर्ती)

सप्रेम नमस्कार.

बाबर सुलेमान आणि हॅरिस सुलेमान या बाप-लेकांनी २०१४ साली एका इंजिनाच्या छोट्या विमानातून पृथ्वीप्रदक्षिणेचा जो प्रयत्न केला, त्याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते. ज्यांना ही हकीकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती आधी थोडक्यात सांगते.

हे कुटुंब अमेरिकेतील इंडियाना राज्यात प्लेनफील्ड येथे राहणारे, मूळचे पाकिस्तानचे. वडील अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि कित्येक वर्षे हौसेने विमान चालवत होते. आपल्या विमानातून जगाला फेरी मारावी हे त्यांचे जुने स्वप्न होते. मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याने वैमानिकाचा परवाना आणि केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची पात्रता, दोन्ही मिळवले होते. या प्रवासात तो मुख्य वैमानिक आणि वडील सहवैमानिक, अशी कामाची वाटणी होती. विमान बीचक्राफ्ट बोनान्झा ए-३६ जातीचे होते. तीस दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण करून मुलाच्या नावे विक्रम करायचा आणि त्या निमित्ताने ‘द सिटिझन्स फाउंडेशन’ या पाकिस्तानातील संस्थेसाठी दहा लाख डॉलरचा निधी उभा करायचा, असा संकल्प होता. १९९५ साली कराचीतील काही नागरिकांनी सुरू केलेली ही संस्था गरीब वस्त्यांत शाळा चालवते. तिच्या शाळांत शिकवणाऱ्या सगळ्या स्त्रिया असतात आणि पटावर मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीने राहावी याकडे कटाक्षाने लक्ष दिले जाते. म्हणजे हेतूला कुठेही बोट लावायला जागा नव्हती.

१९ जून २०१४ रोजी इंडियानातील ग्रीनवूड येथून ते निघाले. अटलांटिक ओलांडून युरोप, तेथून आखात, मग पाकिस्तान, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया आणि फिजी असे करत ते प्रशांत महासागरातील अमेरिकन सामोआपर्यंत पोहोचले. पुढे होनोलुलू, तेथून अमेरिकेचा पश्चिम किनारा आणि मग घर, एवढाच पल्ला उरला होता. २२ जुलैच्या रात्री पागो पागोच्या विमानतळावरून होनोलुलूकडे जाण्यासाठी उडालेले त्यांचे विमान थोड्याच वेळात समुद्रात कोसळले. हॅरिसचा मृतदेह हाती लागला. वडिलांचा शोध लागला नाही.

हे सारे आज लिहिण्याचे कारण घरगुती आहे. माझ्या मुलाने नुकताच खाजगी वैमानिकाचा परवाना मिळवला आहे, माझे पती पूर्वीपासून विमान चालवतात, आणि या दोघांनी मिळून एखाद्या समाजकार्यासाठी निधी गोळा करत लांब पल्ल्याचा प्रवास करावा अशी चर्चा आमच्या जेवणाच्या टेबलावर सुरू झाली आहे. मी विरोधात नाही. परंतु सुलेमान पिता-पुत्रांचा प्रवास वाचताना एका प्रश्नाने मला धरून ठेवले आहे, आणि तो तुम्हा सर्वांपुढे ठेवावासा वाटतो. कागदोपत्री मुख्य वैमानिक मुलगा असतो. विमान वडिलांचे असते, पैसा वडिलांचा असतो, अनुभव वडिलांचा असतो आणि बहुतेक वेळा मूळ स्वप्नही वडिलांचेच असते. अशा वेळी उड्डाणाच्या दहा मिनिटे आधी सतरा वर्षांच्या मुलाला ‘आज नको’ असे वाटले, तर ते त्याच्या तोंडून बाहेर पडेल का? आणि उलट बाजूने, मुलाचा विक्रम होऊ घातलेला असताना ‘आज नको’ हे शब्द वडिलांच्या तोंडून तरी निघतील का?

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते. त्या रात्री विमानात नेमके काय घडले याविषयी तर्क लढवण्यासाठी हा धागा नाही. त्या दोघांविषयी मला आदर आहे आणि तो प्रतिसादांतही राखला जावा, ही विनंती.

उजवीकडचे आसन

चांगला विषय मांडलात. मी व्यवसायाने वैमानिक आहे आणि गेली अनेक वर्षे नव्या वैमानिकांना शिकवतो आहे. तुमच्या प्रश्नाला आमच्या व्यवसायात नाव आहे: अधिकाराचा उतार. कॉकपिटमधील दोन व्यक्तींमध्ये वय, हुद्दा आणि अनुभव यांचे अंतर जितके जास्त, तितका हा उतार तीव्र होतो आणि खालच्या बाजूच्या माणसाचा आवाज वर पोहोचणे अवघड होते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ येथे दोन जम्बो विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे गेली. समोरचे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झाले आहे की नाही, अशी शंका एका विमानातील फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती बाजूला सारली आणि विमान पुढे गेले. त्यानंतरच्या काळात कॉकपिटमधील संवाद हा प्रशिक्षणाचा स्वतंत्र विषय झाला.

बाप-लेकांच्या बाबतीत हा उतार दोन दिशांनी असतो, हे तुम्ही अचूक टिपले आहे. विमान कंपनीत कॅप्टन वर आणि सहवैमानिक खाली, हे निदान ठरलेले तरी असते. येथे कागदावर मुलगा वर असतो आणि घरात बाप. गोंधळाच्या क्षणी माणूस कागद आठवत नाही, लहानपणापासूनची सवय आठवतो.

अपघाताच्या कारणाविषयी मीही बोलणार नाही. मात्र पागो पागो ते होनोलुलू या टप्प्याविषयी थोडे लिहितो, कारण अशा प्रवासाचे खरे वजन कशात असते ते त्यावरून कळेल. हे अंतर सुमारे ४,२०० किलोमीटर आहे. बोनान्झासारखे विमान ते कापायला साधारण चौदा-पंधरा तास घेणार. त्याच्या पंखांतील टाक्यांत जेमतेम २८० लिटर वापरण्याजोगे पेट्रोल मावते आणि ते पाच तासांच्या आसपास पुरते. म्हणजे केबिनमध्ये जादा टाकी बसवावी लागते. राखीव साठा धरून एकूण पेट्रोल साडेआठशे-नऊशे लिटरच्या घरात जाते आणि त्याचेच वजन सव्वासहाशे किलो भरते. ज्या विमानाचे नेहमीचे कमाल वजन सुमारे १,६५५ किलो आहे, त्याच्या पोटात एवढे पेट्रोल! अशा उड्डाणांना जादा वजनाची खास परवानगी काढावी लागते. परवानगी मिळते, पण विमानाचा स्वभाव बदलतो. ते धावपट्टी जास्त खाते, सावकाश चढते आणि चुकीला माफ करत नाही.

आता वेळेचा हिशेब पाहा. सामोआहून रात्री दहाच्या सुमारास निघाले तर होनोलुलूला दुसऱ्या दिवशी दुपारी उजेडात उतरता येते. पहाटे निघाले तर तेथे पोहोचेपर्यंत रात्र होते. पंधरा तासांच्या टप्प्यात अंधार कुठल्या ना कुठल्या टोकाला येणारच. तो कोणत्या टोकाला घ्यायचा, हाच निर्णय असतो. बहुतेक लोक उतरणे उजेडात व्हावे असे पाहतात, कारण पंधरा तासांनी आलेल्या थकव्यात अंधाराची भर नको असते, आणि तो विचार चुकीचा नाही. माझे वैयक्तिक मत मात्र उलट आहे. उतरताना विमान रिकामे, हलके आणि आज्ञाधारक असते आणि मोठ्या शहराचा विमानतळ दिव्यांनी उजळलेला असतो. उड्डाण करताना ते सर्वांत जड असते आणि समुद्राकडे तोंड केले की समोर क्षितिजच नसते. म्हणून मी उजेड उड्डाणाच्या टोकाला ठेवला असता. पण माझ्याशी न पटणारे अनुभवी वैमानिक भरपूर सापडतील.

सातवीची आई

‘समोर क्षितिजच नसते’ म्हणजे नेमके काय होते, हे आमच्यासारख्यांना समजावून सांगाल का? उपकरणे असतातच ना?

उजवीकडचे आसन

असतात, आणि त्यांच्यावरच विश्वास ठेवायचा असतो. अडचण अशी आहे की शरीर त्याच वेळी दुसरेच काही सांगत असते. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल कळण्याची इंद्रिये असतात. विमान वेग घेते तेव्हा आपण पाठीमागे दाबले जातो, आणि डोके मागे कलल्यावर जी जाणीव होते तीच या इंद्रियांकडून मेंदूला मिळते. बाहेर काही दिसत असेल तर डोळे ती चूक सुधारतात. काळोख्या समुद्रावर सुधारायला काहीच नसते. वैमानिकाला ठामपणे वाटते की विमानाचे नाक फार वर गेले आहे, आणि हात नकळत ते खाली दाबायला जातो. जमिनीपासून उंची तेव्हा काहीशे फूट असते.

मी विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर झापड बांधतो, म्हणजे त्याला फक्त समोरचे फलक दिसतात, बाहेरचे काही दिसत नाही. मग मी विमान हळूच वळवतो आणि पुन्हा सरळ करतो. विद्यार्थी शपथेवर सांगायला तयार असतो की आपण वळतो आहोत. समोरचा क्षितिजदर्शक सपाट दिसत असतो, तरी त्याचे खांदे एका बाजूला झुकलेले असतात. दहापैकी दहा जणांचे हेच होते, माझेही झाले होते. हे शरीराच्या सवयीतून काढून टाकायला परवाना पुरत नाही, त्यासाठी पुष्कळ तास जावे लागतात. हे मी सुलेमान यांच्याविषयी म्हणत नसून प्रत्येक नव्या वैमानिकाविषयी म्हणतो आहे.

दर्यावर्दी

मी जहाजावर काम केलेला माणूस आहे, विमानातले मला कळत नाही. पाण्यातले थोडे कळते. या पिता-पुत्रांनी निघण्यापूर्वी विमान समुद्रात उतरवावे लागल्यास जीव कसा वाचवावा याचे प्रशिक्षण घेतले होते, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. त्याचे मला फार मोल वाटते, कारण हौशी लोक बहुधा हीच गोष्ट टाळतात.

आम्हालाही हेलिकॉप्टरने जहाजावर ये-जा करण्यासाठी असेच शिक्षण घ्यावे लागले. तलावात एक लोखंडी सांगाडा सोडतात. तुम्ही आत पट्ट्याने बांधलेले असता, तो पाण्यात बुडतो आणि उलटा होतो. नाकात पाणी शिरते आणि वर कुठे, खाली कुठे हे कळेनासे होते. तेथे एकच गोष्ट शिकवतात: बुडण्यापूर्वीच एका हाताने खिडकीची किंवा दाराची कड घट्ट धरायची, सांगाडा थांबेपर्यंत ती सोडायची नाही, आणि मग दुसऱ्या हाताने पट्टा उघडायचा. पहिल्या खेपेला मी घाबरून आधी पट्टा उघडला. शरीर तरंगून भलतीकडेच गेले आणि पाणबुड्याने मला ओढून बाहेर काढले. दुसऱ्या खेपेला कड सोडली नाही. तो हात आजही मला आठवतो.

हे लिहिण्याचा हेतू असा की, पाण्यासाठी केलेली सगळी तयारी, म्हणजे तराफा, संकटसंदेश देणारे बीकन, अटलांटिकच्या गारठ्यासाठी अंगभर रबरी पोशाख, ही वैमानिकाने विमान सावरून, वेग कमी करून पाण्यावर उतरवले आहे असे गृहीत धरून असते. उड्डाणानंतर लगेच विमान पाण्यावर आदळले तर त्यातले काहीही हाताशी येत नाही. तयारी कमी पडली असे म्हणणे त्या दोघांवर अन्याय होईल. त्यांनी ज्या संकटाची तयारी केली होती, ते संकट आलेच नाही.

हिशेबनीस

मी सेवाभावी संस्थांचे हिशेब तपासण्याचे काम करते, म्हणून निधीच्या बाजूने लिहिते. मेघवाट यांनी ‘हेतूला बोट लावायला जागा नव्हती’ असे लिहिले आहे, ते मान्यच आहे. पण चांगला हेतू कॉकपिटमध्ये तिसरा प्रवासी म्हणून बसतो, आणि त्याचे वजन कुठल्याही तक्त्यात धरलेले नसते. स्वतःच्या हौसेसाठी निघालेला माणूस अर्ध्या वाटेवरून परतला तर त्याचीच हौस राहते. मुलांच्या शाळेसाठी निघालेल्याला परतताना असे वाटू शकते की आपण त्या मुलांचे काही काढून घेतो आहोत.

हे टाळण्याचा मार्ग आहे आणि तो निघण्यापूर्वीच योजावा लागतो. निधीचा प्रवास पूर्ण होण्याशी संबंध तोडायचा. ‘प्रदक्षिणा पूर्ण झाली तर इतके देऊ’ अशी वचने घ्यायचीच नाहीत. देणगी आधी संस्थेच्या खात्यात थेट जमा व्हावी, प्रवासाचा खर्च प्रवाशांनी वेगळा करावा, आणि देणगीदाराला पहिल्याच पत्रात कळवावे की विमान कुठूनही परत फिरू शकते, तरी तुमचे पैसे शाळेला पोहोचलेले असतील. मग ‘आज नको’ या शब्दांची किंमत मुलांच्या खिशातून जात नाही.

सुलेमान यांच्या बाबतीत अपघातानंतरही देणग्या येत राहिल्या. लोकांनी प्रदक्षिणा विकत घेतली नव्हती, त्या दोघांच्या कळकळीला प्रतिसाद दिला होता. ते विमान फिजीहून किंवा त्याआधीच परत फिरले असते तरी लोक देतच राहिले असते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

तटस्थ वाचक

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मला एका गोष्टीची भर घालायची आहे आणि एका गोष्टीला हरकत घ्यायची आहे.

भर अशी. पालक, मूल आणि विक्रम यांचा विषय निघाला की ११ एप्रिल १९९६ रोजीच्या अपघाताचा उल्लेख करावाच लागतो. जेसिका डबरॉफ ही सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक असे तिघे अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत निघाले होते. वायोमिंगमधील शायान येथून वादळी पावसात उडाल्यावर त्यांचे सेसना विमान लगेच कोसळले आणि तिघेही मरण पावले. तपास यंत्रणेने खराब होत चाललेल्या हवेत उड्डाण करण्याच्या प्रशिक्षकाच्या निर्णयावर बोट ठेवले, आणि प्रसारमाध्यमांना दिलेल्या शब्दामुळे अवाजवी वेळापत्रक पाळण्याची ओढ हे एक सहायक कारण नोंदवले. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला. ज्याच्याकडे किमान खाजगी वैमानिकाचा परवाना नाही त्याच्या हाती विक्रमाच्या प्रयत्नात विमानाचे नियंत्रण देण्यास त्यामुळे बंदी आली. हा परवाना सतराव्या वर्षापासून मिळतो. हॅरिसकडे तो होता आणि त्यापुढची पात्रताही होती. या दोन घटना एकाच माळेत ओवू नयेत. सात वर्षांच्या मुलीला ‘नको’ म्हणण्याची समजच नसते, सतरा वर्षांच्या मुलाला ती असते.

हरकत अशी. धाग्यातून नकळत असे सुचवले जात आहे की मुदतीच्या घाईमुळे काहीतरी बिघडले. पण तारखा मोजून पाहा. १९ जूनपासून तीस दिवस १९ जुलैलाच संपतात. २२ जुलैच्या रात्री ती मुदत उलटून गेलेली होती. म्हणजे तीस दिवसांच्या आकड्यासाठी जिवावर उदार होऊन ते उडाले, असे म्हणण्याला आधार उरत नाही.

मेघवाट (धागाकर्ती)

हरकत योग्य आहे. मी तारखा लिहिल्या आणि स्वतःच मोजल्या नाहीत. मुदतीचा ताण गृहीत धरण्याची चूक माझ्या मनात तरी झालीच होती, ती मागे घेते. मुदत उलटून गेल्याचा ताण वेगळा असू शकतो, घर जवळ आल्याची ओढही असू शकते. पण ते त्यांच्या मनात काय होते ते सांगण्यासारखे झाले, आणि तो अधिकार मला नाही.

हिशेबनीस, तुमचा ‘तिसरा प्रवासी’ मनाला लागला. निधी प्रवासाच्या पूर्ततेपासून तोडायचा, ही सूचना आम्ही जशीच्या तशी घेणार आहोत.

सातवीची आई

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. या चर्चेत वडिलांचे स्वप्न जणू मुलावर लादलेले ओझे आहे असा सूर येतो आहे, तो मला पटत नाही. सतरा वर्षांचा मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत मित्र सोडून वडिलांबरोबर महिनाभर एका मोटारीएवढ्या केबिनमध्ये राहायला तयार होतो, एकामागून एक देश पाहतो, आपल्या वडिलांच्या देशातील मुलांसाठी लोकांना आवाहन करतो. हे लादून होत नाही. आमच्या घरी दोन तासांच्या प्रवासाला मुलीला तयार करताना काय होते ते मला ठाऊक आहे. त्या दोघांमध्ये काहीतरी फार सुंदर होते, आणि शेवट वाईट झाला म्हणून आधीचे तेहतीस दिवस खोटे ठरत नाहीत.

उजवीकडचे आसन

अगदी बरोबर, आणि सुंदर नाते असले की ‘नको’ म्हणणे आणखी कठीण होते, एवढेच मी त्याला जोडेन. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचा आनंद मोडायला जीभ उचलत नाही. मी परक्या कॅप्टनला जितक्या सहज अडवले आहे, तितक्या सहज स्वतःच्या थोरल्या भावाला अडवू शकलो नव्हतो. आम्ही एकदाच एकत्र उडालो. ढग मला आवडले नव्हते, आणि मी गप्प राहिलो. आम्ही सुखरूप उतरलो, म्हणून त्या गोष्टीचा कधी उल्लेखही झाला नाही.

त्याच महिन्यातील दुसरे उदाहरणही सांगतो. मॅट गुथमिलर हा एकोणीस वर्षांचा तरुण त्याच जातीच्या बोनान्झातून एकट्याने जगाला फेरी मारून १४ जुलै २०१४ रोजी कॅलिफोर्नियात परतला. त्याचा प्रवास मे अखेरीस सुरू झाला होता आणि त्याला सुमारे ४५ दिवस लागले. संगणकशिक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेसाठी तोही निधी जमवत होता. सुलेमान यांचा अपघात झाला तो त्यानंतर आठच दिवसांनी. म्हणजे विमान तेच, महासागर तोच आणि ऋतूही तोच. यावरून एक सुखरूप आला म्हणून शहाणा आणि दुसरे गेले म्हणून चुकले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तसे असते तर आमच्या व्यवसायात शहाणपण फक्त जिवंत माणसांनाच असते.

एकट्या वैमानिकाला एक सोय असते, त्याला ‘नको’ कोणाला ऐकवावे लागत नाही. आणि एक गैरसोयही असते, त्याला ते कोणी ऐकवत नाही.

दर्यावर्दी

२०२२ साली मॅक रदरफोर्ड या सतरा वर्षांच्या मुलाने एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली, तेव्हा त्याचे वडील स्वतः या धंद्यातील मुरलेले वैमानिक होते आणि त्याची बहीण झारा त्याच वर्षी जानेवारीत एकटीने जग फिरून आली होती. तेथे बाप शेजारी बसलेला नव्हता. मेघवाट, तुमच्या घरी हा पर्याय चर्चेत आला का? मुलगा एकटा आणि वडील जमिनीवर, हवामान पाहणारे?

मेघवाट (धागाकर्ती)

आला होता. मुलाने नकार दिला. त्याचे म्हणणे असे की, विक्रम करायचा असता तर एकट्याने गेलो असतो, मला बाबांबरोबर जायचे आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तुम्हा सर्वांच्या सूचनांवरून आम्ही तिघांनी बसून काही गोष्टी ठरवल्या आहेत. महासागर ओलांडायचा नाही. जादा टाकी बसवावी लागेल असा एकही टप्पा ठेवायचा नाही. उड्डाण आणि उतरणे, दोन्ही उजेडात. निधी हिशेबनीस यांनी सांगितला तसा. आणि प्रत्येक टप्प्याच्या आधी दोघांनी विमानापासून दूर, वेगवेगळे बसून हवामानाचे कागद वाचायचे आणि आपला निर्णय चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठी आधी मुलाची उघडायची. दोहोंपैकी एका जरी चिठ्ठीवर ‘नको’ असेल तर त्या दिवशी उडायचे नाही, आणि संध्याकाळपर्यंत कारण विचारायचे नाही. उजवीकडचे आसन, यात काही उणे दिसत असेल तर अवश्य सांगा.

उजवीकडचे आसन

धाकट्याची चिठ्ठी आधी उघडणे फार योग्य आहे. आम्हीही कनिष्ठाला आधी बोलायला लावतो, कारण वरिष्ठ एकदा बोलला की कनिष्ठाचे मत तयार होण्यापूर्वीच विरघळते. एक भर घाला: हा नियम विमान हवेत गेल्यावरही लागू राहिला पाहिजे. तेथे चिठ्ठी नसते, म्हणून एक शब्द ठरवून ठेवा. तो उच्चारला की विमान कोणाच्याही हाती असो, माघारी वळवायचे. आणि तो शब्द सरावात उगीचच वापरून पाहा, म्हणजे तो उच्चारण्याची सवय होईल.

मेघवाट (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. काल सरावाचा पहिला लांबचा टप्पा होता. मीही विमानतळावर गेले होते. दोघे दोन टोकांना बसले, आणि चिठ्ठ्या माझ्या हाती आल्या. मुलाच्या चिठ्ठीवर ‘नको’ होते. वाटेतील डोंगररांगेवर ढग खाली येतील असे त्याला वाटत होते. पतींच्या चिठ्ठीवर ‘जाऊ’ होते.

ते काही बोलले नाहीत. उठले, विमानावर पुन्हा आच्छादन घातले आणि दोऱ्या बांधू लागले. मुलगा दुसऱ्या बाजूने दोरी ओढत होता. आम्ही घरी आलो. दुपारी दोनच्या सुमारास आकाश लख्ख उघडले आणि संध्याकाळपर्यंत डोंगररांग गच्चीवरून स्पष्ट दिसत होती. मुलगा दोनदा गच्चीवर जाऊन पाहून आला. मी पतींकडे पाहत होते. रात्री जेवताना त्यांनी मुलाला एवढेच विचारले, की रविवारचे हवामान तू बघतोस की मी बघू.